चेसिसवरची ट्रायल

बाबा,

ऑक्सिजनचं मशीन परवा परत गेलं. भाड्याचं होतं, जाणारच होतं. तरी तो माणूस दारात उभा राहिला तेव्हा आईने त्याला बसायलाही सांगितलं नाही. मीटर बघायला आलेल्या पोऱ्यालाही पाणी विचारणारी आपली आई. त्याने नळी गुंडाळली, वायर गुंडाळली, खिशातून फडकं काढून मशीनवरची धूळ पुसायला घेतली आणि कडेला लागलेल्या कुंकवाच्या बोटापाशी येऊन थांबला. "ये क्या लगा है, माताजी?" आई म्हणाली, "रहने दो, भैया. दशहरे का है." त्याने ते तसंच राहू दिलं. आता ते कुंकू घेऊन मशीन कुणा दुसऱ्याच्या उशाशी उभं असेल. ज्याच्या उशाशी असेल त्याला बरं वाटो.

तेव्हापासून घर फार शांत आहे. त्या मशीनची घरघर आम्हाला इतकी सवयीची झाली होती की ती ऐकू येणंच बंद झालं होतं. आता ती नाही म्हणून ऐकू येते. आपला फ्रिज मधूनमधून कण्हतो हे मला या आठवड्यात कळलं. आई दुपारी पडते, डोळे मिटते आणि उठून बसते. "झोपच लागून नाही राहिली," म्हणते. काहून ते विचारायची गरज नाही.

दुसरं मशीन मात्र इथेच आहे, तुमच्या टेबलावर. पोट उघडलेला लॅपटॉप, त्यातून बाहेर आलेली वायर, वायरच्या टोकाला ते उघडंबोडकं ग्राफिक्स कार्ड, शेजारी डेस्कटॉपमधून काढलेला पॉवर सप्लायचा डबा, आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं स्टिअरिंग. तेरवीला नागपूरहून आलेल्या काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हे काय दुकान मांडून ठेवलं? काढून टाका आता." मी त्यांना दुसरी पुरी वाढली नाही. तुम्हाला हे आवडलं नसतं, आणि मनातून आवडलं असतं.

लोक येतात आणि म्हणतात, सुटले बिचारे. फार हाल होत होते, सुटले. मला हा शब्द ऐकला की डोकं फिरतं. पण बाबा, मी चिडते ती त्यांच्यावर नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि हे सगळे येऊन तुमच्या बाजूने बोलून जातात. म्हणून चिडते.

सुरुवात खिडकीपासून झाली. डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं की फुफ्फुसं आखडत चालली आहेत, ती आता पहिल्यासारखी व्हायची नाहीत. घरी मशीन आणा, नळी कायम लावा, आणि गाडी चालवणं बंद. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही दुसऱ्या कुणाच्या छातीबद्दल चालल्यासारख्या ऐकल्यात. तिसरीला मात्र मान वर केलीत. "गाडी काहून बंद?"

डॉक्टरांना काय माहीत. आपल्या जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेला प्रत्येक नवा ट्रक आधी तुमच्या हाताखालून जायचा आणि मग सैन्यात. ट्रायल ड्रायव्हर. कारखान्याच्या वसाहतीत माझी ओळखच "ट्रायलवाल्याची मुलगी" अशी होती. बाकीच्यांचे बाबा सायकलवरून कामाला जायचे, माझे बाबा बॉडी न लागलेल्या चेसिसवर बसून पाटणच्या रस्त्याने जायचे. ना छप्पर, ना दार, ना काच. चार चाकं, इंजिन, एक पाट ठोकल्यासारखी सीट आणि त्यावर मफलर गुंडाळलेले, गॉगल लावलेले तुम्ही. बाहेरगावचे पाहुणे ते दृश्य पाहून तोंडावर हात ठेवायचे. जबलपुरात कुणी वळूनही बघत नाही.

मी शाळेच्या फाटकापाशी उभी राहून तुम्हाला हात करायचे. तुम्ही कधीच हात केला नाहीत. एकदा मी घरी येऊन रडले, तेव्हा म्हणालात, "मंजू, ट्रायलवर हात सोडायचा नसतो. पाहिलं होतं मी तुला." पाहिलं होतं, एवढ्यावर मी कित्येक वर्षं काढली.

तर असे तुम्ही, नाकात नळी घालून खिडकीशी बसलात आणि रस्ता ऐकू लागलात. भाजीचा टेम्पो चढाला लागला की पुटपुटायचात, "तिसऱ्या गिअरात ओढून राहिला, दुसरा टाक ना बे." शाळेची बस गेली की, "हिचे ब्रेक पाहायला पाहिजेत." कुणाला ऐकू जाणार होतं? आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "हा माणूस त्या खिडकीतच संपून जाईल. काहीतरी कर."

मी केलं ते एवढंच. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ट्रक चालवायचा एक गेम टाकला आणि त्याला एक स्टिअरिंग आणून जोडलं. माल भरायचा, मोठमोठे रस्ते पार करायचे, माल पोचवायचा. तुम्ही आधी नाक मुरडलंत. मग बसलात. आणि मग जे झालं त्याने मला वाईटच जास्त वाटलं, कारण माझा लॅपटॉप ऑफिसच्या हिशेबांपुरता होता. रस्ता थांबत थांबत पुढे सरकायचा, झाडं अर्धीच उगवायची. तुम्ही स्टिअरिंग वळवायचात आणि ट्रक जरा विचार करून वळायचा. दोनदा तुम्ही शेतात गेलात. चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "गाडी फेल. परत पाठव." पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर तुम्ही पुन्हा तिथेच, पुन्हा शेतात.

लॅपटॉपच्या आत चित्रं काढणारी चिप असते, ती माझ्या लॅपटॉपची अगदीच अशक्त होती. ताकदीचं कार्ड डेस्कटॉपमध्ये बसतं, लॅपटॉपमध्ये त्याला जागाच नसते. पण काही उद्योगी लोक लॅपटॉपमधली वाय-फायची चिप काढतात, तिच्या जागी एक वायर लावतात आणि ती बाहेर आणून तिला मोठं कार्ड जोडतात, असं मी वाचलं होतं. कंपनीची याला मान्यता नाही. चाललं तर चाललं, जळलं तर आपलं आपण बघायचं. मी हे तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही कितीतरी दिवसांनी खुर्चीत पुढे सरकून बसलात.

दुकानात तुम्ही हट्टाने आलात. तेव्हा छोटा सिलिंडर घेऊन थोडं फिरता येत होतं. कमानिया गेटपाशी ऑटो अडकला, तुम्हाला धाप लागली, आणि तरी तुम्ही ऑटोवाल्याला क्लच कसा दाबून धरू नये ते शिकवत होतात. दुकानातल्या पोराने जुनं कार्ड काढून दिलं, पण लॅपटॉप पाहून तो ते परतच घ्यायला लागला. "दीदी, इसमें सपोर्ट ही नहीं है. कंपनी ने साफ मना किया है." तुम्ही स्टुलावर बसून श्वास गोळा करत होतात. गोळा झाला तसं म्हणालात, "भैया, मना तो हमको भी किया है, घर से निकलने को." पोराने हसून तुमच्या नाकातल्या नळीकडे पाहिलं आणि कार्ड दिलं.

घरी आल्यावर तुमचे डोळे असे चमकत होते की आईला वाटलं ताप आहे. मागची पाटी मी उघडली, स्क्रू तुम्ही वाटीत जमा केलेत. वाय-फायची चिप निघाली ती एवढीशी, बोटाच्या पेरावर मावणारी. तुम्ही तळहातावर घेऊन म्हणालात, "एवढ्याशा जागेतून एवढं मोठं कार्ड चालवणार?" मी म्हटलं, "तुमच्या नाकाच्या नळीतून तुम्ही चालताच ना." हे बोलून मी जीभ चावली. तुम्ही मात्र खूश झालात आणि आईला आत जाऊन सांगून आलात.

पण ते चालेना. कार्ड जोडून लॅपटॉप सुरू केला की पडदा काळा. बाहेरून आलेलं हे धूड पाहून तो अडूनच बसायचा. बरेच दिवस आपण दोघं त्याच्यापुढे बसत होतो आणि आई म्हणायची की दोघांची जेवणं यानेच खाल्ली. शेवटी कुठल्याशा परदेशी माणसाने लिहून ठेवलेली युक्ती सापडली. लॅपटॉप आधी एकटाच सुरू करायचा. मग त्याला झोपवायचं. तो झोपेत असताना कार्डाला वीज द्यायची, आणि मग त्याला उठवायचं. उठतो तेव्हा तो कार्डाला घरचंच माणूस समजतो. तुम्ही म्हणालात, "अच्छा! म्हणजे घरमालक झोपल्यावर पाहुणा आत घ्यायचा." मी झोपवला, तुम्ही बटण दाबलंत, कार्डाचे पंखे फिरू लागले, मी उठवला. आणि आपल्या जुन्या टीव्हीच्या पडद्यावर रस्ता उभा राहिला, बाबा. पूर्ण रस्ता. झाडांना पानं होती. ओल्या डांबरावर ढग दिसत होते.

तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नाहीत. नुसते बघत राहिलात. मग म्हणालात, "मंजू, पाणी दे जरा."

कार्डाला खोका करू या म्हणून मी किती मागे लागले. धूळ बसेल, कुणाचा हात लागेल, झुरळ जाईल. तुम्ही ऐकलंच नाहीत. "ट्रायल चेसिसवरच होते. बॉडी नंतर लागते." मग नंतर कधी लावायची, असं मी विचारलं की म्हणायचात, "पास झाल्यावर." ते कार्ड तुमच्या हिशेबात शेवटपर्यंत पास झालं नाही. आज मला वाटतं, तुम्हाला ते पास व्हायलाच नको होतं. पास झालेली गाडी कारखान्यात परत येत नाही.

पहिले काही दिवस तर तमाशाच होता. गेममधले रस्ते परदेशातले, तिथे सगळे उजवीकडून चालतात. तुम्ही डावी बाजू सोडायला तयार नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी तुमच्या अंगावर, आणि तुम्ही खुर्चीतून अर्धे उठून, "हे सगळेच्या सगळे उलटे येऊन राहिले! यांना लायसन कोणी दिलं?" मी सांगितलं की इथला नियमच तो आहे. तुम्ही म्हणालात, "नियम असेल. माझा हात नाही मानत." शेवटी मी तुमच्या शेजारी बसून क्लीनर झाले. "उजवीकडे, बाबा, उजवीकडे." रोज ऑफिसातून आले की चहा घेऊन ती खुर्ची. आई मागे पलंगावर लसूण सोलत बसायची, पडद्याकडे पाठ करून, आणि आवाजावरून विचारायची, "आज घाट लागला का?"

त्या खुर्चीत मला माझे बाबा मिळाले, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. लहानपणी तुम्ही थकून यायचात आणि जेवून झोपायचात. आता ट्रक सरळ रस्त्याला लागला की तुम्ही बोलायचात. एका एका वाक्यानंतर थांबून, श्वास भरून, पण बोलायचात. थंडीत चेसिसवर बोटं स्टिअरिंगला कशी चिकटायची. एकदा पावसात रस्त्याकडेला कुणी बाईने तुम्हाला पोतं दिलं होतं डोक्यावर घ्यायला, आणि तुम्ही ते परत द्यायला पुढच्या ट्रायलला तिच्या झोपडीशी थांबला होतात. आईलाही यातलं अर्धं माहीत नव्हतं. लसूण सोलायची थांबलेली मी पाहिली आहे तिला.

आता इन्व्हर्टरवर येते. त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

आपला इन्व्हर्टर जुना. लाइट गेली की त्यावर ऑक्सिजनचं मशीन चालायचं, वर एक पंखा आणि टीव्हीचा पॉइंट. त्यावर कार्डाचा पॉवर सप्लाय लावला की तो किंचाळायला लागायचा. दोघांचा भार त्याला झेपत नव्हता. म्हणून मी नियम केला. इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये फक्त तुमचं मशीन. कार्डाचा प्लग साध्या लाइनवर. म्हणजे लाइट गेली की ट्रक जिथे असेल तिथे गोठायचा. भर चढावर, पुलावर, वळणात, कुठेही. पडदा थिजायचा आणि तुमचे हात स्टिअरिंगवर तसेच राहायचे. आई मागून ओरडायची, "अहो, बंद करा ते आधी!" आणि तुमच्या नाकाशी हात नेऊन हवा येते का बघायची. लाइट आल्यावर पुन्हा सगळं पहिल्यापासून, लॅपटॉप झोपव, बटण दाब, उठव. अर्धा प्रवास वाया.

"गाडी मध्येच थांबली की फार वाईट वाटतं गं," असं तुम्ही एकदा म्हणालात. मी म्हटलं, "गेम आहे, बाबा."

मग मे महिना आला, आणि लाइटचे ते नेहमीचे खेळ. त्या दिवशी आई शेजारच्या काकूंबरोबर नर्मदेवर ग्वारीघाटला गेली होती, मी ऑफिसात. डोकं दुखत होतं म्हणून लवकर निघाले. जिन्यातच ऐकू आलं, ऑक्सिजनच्या मशीनची शिटी. वीज तुटली की ते अशी शिटी मारतं. आणि शिटीच्या जोडीला ट्रकचा आवाज, चालत्या ट्रकचा. मला दोन आवाज एकत्र कसे येतात ते कळायलाच वेळ लागला. तुम्ही प्लग बदलले होते. कार्ड इन्व्हर्टरवर आणि स्वतःचं मशीन साध्या लाइनवर.

तुमचे ओठ निळे पडले होते, बाबा. छाती भात्यासारखी हलत होती. आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी प्लग ओढायला धावले तर मान हलवून नाही म्हणालात, एक बोट वर केलंत, थांब. ट्रक फाटकातून आत घेतलात, मागे घेतलात, रेघेला रेघ लावून उभा केलात, हँडब्रेक ओढलात. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "पोचवली."

मी काय काय बोलले ते घरातल्या भिंतींना माहीत आहे. तुमची नळी सुरू झाली, ओठांना रंग आला, आणि मग मी बोलले. श्वास महत्त्वाचा का तो गेम? आईने घाटावरून येऊन काय पाहिलं असतं? मी दिवसभर ऑफिसात बसते ती कोणाच्या भरवशावर? तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. धाप कमी होईपर्यंत थांबलात आणि अगदी हळू, न रागावता म्हणालात, "श्वास घेऊन राहिलो मी. कशासाठी घेऊन राहिलो ते सांग ना."

मी कार्डाची वायर उपटली आणि ऑफिसच्या पिशवीत टाकली.

हेच ते आपलं अर्धवट भांडण. वायर माझ्या पिशवीत राहिली, रोज माझ्याबरोबर ऑफिसला जाऊन आली. तुम्ही परत खिडकीशी. टेम्पो चढाला लागायचा आणि तुम्ही काहीच म्हणायचा नाहीत. शेवटी आईने स्वतः माझी पिशवी उघडली, वायर काढली आणि तुमच्या मांडीवर ठेवली. मला म्हणाली, "तू बरोबर आहेस, मंजू. पण हा माणूस असा बसून राहिला, तर ते मशीन तरी कोणासाठी चालवून राहिलो आपण?" आणि तुम्हाला म्हणाली, "प्लगला हात लावलात तर मीच तोडून टाकीन तुमची गाडी." तुम्ही ऐकलंत. स्वतःच्या हाताने लाल चिकटपट्टी घेऊन तुमच्या मशीनचा प्लग इन्व्हर्टरच्या सॉकेटला चिकटवून टाकलात, कारखान्यातल्या बाद गाडीला लावतात तशी आडवी पट्टी. पुन्हा कधी हात लावला नाहीत. पण लाइट गेली, ट्रक गोठला, की त्या पट्टीकडे बघायचात. मी ते पाहायचे, आणि तुम्हाला ते माहीत होतं.

मी अजूनही म्हणेन की मीच बरोबर होते. मुलगी आहे मी, दुसरं काय करणार होते? पण तो कशासाठीचा प्रश्न तुम्ही परत कधी विचारला नाहीत. विचारायला हवा होता. मी चिडले असते, ओरडले असते, पण कधीतरी काहीतरी बोलले असते.

खंडेनवमीला तुम्ही पहाटेच मागे लागलात की पूजा मांड. कारखान्यात असताना तुम्ही गाडीच्या बॉनेटला हार घालायचात. यंदा टेबल पुसून घेतलंत, कार्डाला झेंडूचं फूल वाहिलंत, स्टिअरिंगला हळदकुंकू. आई ऑक्सिजनच्या मशीनलाही कुंकू लावायला गेली तर म्हणालात, "त्याला नको. ते काय आपलं हत्यार आहे का?" तिने तुमची पाठ वळल्यावर लावलंच. आणि तुम्ही एवढ्या जोरात अक्षता टाकल्यात की एक दाणा कार्डाच्या पंख्यात जाऊन बसला. तेव्हापासून पंखा फिरला की टिकटिक. मी चिमटा घेऊन आले तर तुम्ही हात आडवा धरलात. "राहू दे. नव्या गाडीच्या इंजिनातलं टॅपेट असंच वाजते." इंजिन जिवंत आहे हे त्या टिकटिकीवरूनच कळतं म्हणे. असलं शास्त्र तुम्हीच सांगावं.

आणि मग ती सकाळ. मी चहा घेऊन आले. लाइट होती. इन्व्हर्टर भरलेला होता. प्लग लाल पट्टीखाली घट्ट, नळी नाकात जागच्या जागी, मशीन चालू. मी वर्षभर ज्या ज्या गोष्टींना भीत होते त्यातली एकही झाली नव्हती. सगळं चालू होतं, फक्त तुम्ही नव्हतात. मी कितीतरी वेळ कप हातात धरून उभी होते आणि मशीन तुमच्या नाकात हवा सोडत होतं. बंद करायला मला हातच उचलवेना. आईने केलं.

इतकं जपलं, बाबा. त्याचं काय झालं?

काल संध्याकाळी आई टेबलापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, काकांचं मनावर घेतलं हिने, आता आवर म्हणणार. ती म्हणाली, "लाव ना ते." मी म्हटलं, "काय?" "ती गाडी. आवाज येऊ दे जरा घरात."

मी लॅपटॉप सुरू केला. झोपवला. कार्डाचा प्लग लावायला खाली वाकले तर इन्व्हर्टरचं सॉकेट रिकामं. कडेला लाल पट्टीचा एक फाटका तुकडा तसाच चिकटलेला. मी बराच वेळ तिथे उकिडवी बसले. साधं सॉकेट शेजारीच होतं, रोजचं. पण माझा हात इन्व्हर्टरच्या सॉकेटकडे गेला. आता त्यावर दुसरं काही चालवायचं नव्हतं. मी प्लग लावला आणि मला रडू फुटलं, तुम्ही गेलात त्या दिवशीही फुटलं नव्हतं असं. आई जवळ आली. पाठीवर हात ठेवून थांबली.

बटण दाबलं. पंखे फिरले. टिकटिक. उठवला.

पडद्यावर तुमचा ट्रक डेपोच्या अंगणात उभा होता, रेघेला रेघ लावून, हँडब्रेक ओढलेला. एकही माल पोचवायचा राहिला नव्हता. मी तुमच्या खुर्चीत बसले, आई माझ्या खुर्चीत, यावेळी पडद्याकडे तोंड करून. मला नीट येत नाही, तुम्हाला माहीत आहे. गिअर अडखळत टाकत रस्त्याला लागले. आई म्हणाली, "उजवीकडून ना?" आणि आम्ही दोघी पहिल्यांदा जराशा हसलो.

घाट सुरू झाला आणि लाइट गेली.

अंधार झाला तशी आई ताडकन उठली आणि ओरडली, "अहो, बंद करा ते आधी!" दोन पावलं पलंगाकडे गेली. हात पुढे केलेला, तुमच्या नाकाशी न्यायचा तसा. मग ती तिथेच थांबली. पलंगावर दुमडलेली चादर होती. ती हळूहळू परत आली आणि माझ्या शेजारी बसली. मला तिच्याकडे बघायचं होतं, पण मी हात सोडला नाही.

पंख्यात तांदूळ वाजत होता. पडद्यावर चढ संपत आला होता.

लाइट गेली, बाबा, आणि गाडी थांबली नाही.